घटस्फोटासाठी वकिलाकडे जाताना : कोकणातील नवख्या पक्षकारांसाठी

वकिलांच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत आई होती आणि कापडी पिशवीत लग्नाचा अल्बम होता. मी जवळजवळ तासभर बोलले. वकीलसाहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला : "तुम्ही दोघे एका घरात शेवटचे कधी राहिलात? तारीख सांगा." मला ती सांगता आली नाही. गणपतीच्या आधी मी माहेरी आले, एवढे पक्के आठवत होते. पण ते कोणत्या वर्षीचे गणपती, यावरून आईचा आणि माझा त्यांच्यासमोरच वाद झाला. त्या तासाची फी भरून आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत आलो आणि हाती काहीच लागले नव्हते.

पुढे साडेतीन वर्षे मी या प्रक्रियेतून गेले. त्या काळात जे उशिरा कळले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. मुंबईत राहिलेले नातेवाईक "चांगला सॉलिसिटर (मुख्यतः कागदांचे काम पाहणारा वकील) गाठ" असे सांगतात. आपल्याकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातील न्यायालयांत अर्ज लिहिणारा आणि न्यायाधीशांसमोर उभा राहणारा वकील एकच असतो, त्यामुळे शोधायचा तो कौटुंबिक प्रकरणे नियमित चालवणारा वकील. माझे प्रकरण हिंदू विवाह कायदा, १९५५ खालचे होते. रजिस्टर पद्धतीने लग्न झालेल्यांना विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो, ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा, तर मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाह संपुष्टात आणता येतो. कलमे बदलतात, तयारी मात्र बरीचशी सारखीच करावी लागते.

१. जिवाला धोका असेल तर घटस्फोटाचा विचार नंतर

मारहाण होत असेल किंवा घराबाहेर काढले असेल, तर प्रथम ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून त्याचा कागद घ्यावा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखालील अर्ज तालुक्याच्या दंडाधिकारी न्यायालयात करता येतो आणि तुम्ही सध्या तात्पुरत्या जेथे राहत असाल तेथेही तो चालतो, हे अनेकींना ठाऊक नसते. या कायद्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी असतात आणि अर्ज भरण्यास मदत करणे हे त्यांचे कामच आहे. राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा तात्पुरता ताबा या गोष्टी घटस्फोटाचा अर्ज न करताही येथे मागता येतात.

२. सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

आपल्या भागातला हा सर्वांत मोठा सापळा आहे, म्हणून वकिलाकडे जाण्याआधीच तो सांगते. वाडीत बैठक बसते, दोन्हीकडची जाणती माणसे येतात, स्टॅम्प पेपरवर "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही" असे लिहून नोटरीचा शिक्का घेतात आणि काडीमोड झाला असे मानून दोघेही आपापल्या वाटेने जातात. न्यायालयाच्या दृष्टीने ते पती-पत्नीच राहतात. रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला १९५५ च्या कायद्यात जागा आहे हे खरे; पण तशी रूढी आपल्या समाजात प्राचीन आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ती सिद्ध झाली नाही तर त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरून फौजदारी प्रकरणही अंगावर येऊ शकते.

बैठकीला जाऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण दागिने परत मिळण्याचे काम कधीकधी तेथेच होते. तेथे कोणत्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, इतकेच. न्यायालयात गेल्याबद्दल वाळीत टाकण्याची भाषा कोणी केली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे, हे बैठकीतच शांतपणे सांगावे. रायगड जिल्ह्यातील वाळीत टाकण्याच्या प्रकरणांमुळे या कायद्याची मागणी जोर धरू लागली होती, त्यामुळे गावोगावच्या पुढाऱ्यांना तो ऐकून माहीत असतो.

"दोन वर्षे वेगळे राहिले की घटस्फोट आपोआप होतो" हा दुसरा गैरसमज. जोडीदाराने सबळ कारणाशिवाय सलग दोन वर्षे सोडून जाणे हा घटस्फोट मागण्याचा एक आधार आहे, पण तो मागावा लागतो, सिद्ध करावा लागतो आणि न्यायालयाचा अंतिम आदेश, म्हणजे हुकूमनामा, मिळावा लागतो.

३. तारखांची वही तयार करा

पहिल्या भेटीतून हात हलवत परतल्यावर मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर तारीख आणि घटना, उजव्या पानावर त्या घटनेचा कागद किंवा ती पाहिलेला माणूस, अशी मांडणी केली. साखरपुडा, लग्न, डोंबिवलीस राहायला गेलो तो दिवस, मुलाचा जन्म, प्रत्येक वेळी माहेरी आले आणि परत गेले त्या तारखा, पहिली मारहाण, शेवटचे एकत्र राहणे, शेवटचा फोन. तारीख आठवत नसेल तेव्हा बाजूच्या खुणा शोधल्या. बाळंतपणाची नोंद रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर होती, एका भांडणाची तारीख मोबाईलमधल्या कोकण रेल्वेच्या तिकिटाच्या संदेशावरून सापडली आणि ज्या गणपतीवरून आईशी वाद झाला ते वर्ष अखेर मुलाच्या लसीकरण कार्डामुळे ठरले, कारण त्या आठवड्यात मी त्याला गावच्या उपकेंद्रात लस देऊन आणले होते.

ही वही रागाने लिहू नये. "ते नेहमी त्रास देत" या वाक्याचा वकिलाला काहीही उपयोग नसतो. "अमुक तारखेला रात्री घराबाहेर काढले, शेजारच्या काकूंनी आत घेतले" या वाक्यावर अर्जाचा एक परिच्छेद उभा राहतो आणि काकू साक्षीदार होतात. स्वतःच्या चुकाही लिहाव्यात. तुम्ही रागाच्या भरात पाठवलेला संदेश समोरचा वकील उलटतपासात नक्की काढणार आहे, तेव्हा तो तुमच्या वकिलाला आधी तुमच्याकडून कळलेला बरा. अनेकजणी, आणि अनेकजण, लाजेपोटी वकिलापासून गोष्टी लपवतात आणि मग भर न्यायालयात वकिलाचा चेहरा पडतो. तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन वकिलावर कायद्यानेच आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला काय हवे ते लिहा : घटस्फोट, केवळ वेगळे राहणे, पोटगी, मुलाचा ताबा, दागिने, की परत नांदायला जाणे. माझ्या त्या पानावर पहिल्या महिन्यात एक होते आणि सहाव्या महिन्यात दुसरेच, त्याला हरकत नाही. मात्र हे पान वकिलाने भरायचे नसते, आणि मामांनीही नाही.

४. कागद जमवा

मूळ कागद घरी ठेवून प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स कराव्यात. माझ्या फाईलमध्ये शेवटी जे लागले ते असे :

– विवाह नोंदणी दाखला. गावात नोंद झाली असल्यास तो ग्रामपंचायतीकडून मिळतो. नोंद नसेल तर लग्नपत्रिका, सप्तपदीचे फोटो आणि लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार.
– दोघांचे आधार कार्ड, पत्त्याचे पुरावे आणि पासपोर्ट आकाराचे फोटो.
– मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड आणि फीच्या पावत्या.
– स्वतःच्या बँक खात्याचा मागील तीन वर्षांचा उतारा आणि जोडीदाराच्या उत्पन्नाविषयी जे काही हाती असेल ते.
– वैद्यकीय कागद आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची पोच.
– स्त्रीधनाची यादी.

या यादीवर थोडे थांबते. लग्नात मिळालेले दागिने ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असते आणि सासरच्यांकडे त्या केवळ विश्वासाने ठेवलेल्या वस्तू असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. अडचण येते ती काय दिले होते हे दाखवताना. आई आणि मी अल्बम उघडून, आजीचे भिंग घेऊन एकेका फोटोतले दागिने मोजले : ठुशी, नथ, दोन पाटल्या, मोहनमाळ. कोणत्या फोटोत कोणता दागिना दिसतो त्याचा क्रमांक यादीत लिहिला आणि सोनाराकडे जुन्या पावत्यांची नक्कल मागितली. त्यांच्या वहीत दोन पावत्या सापडल्या. मोहनमाळ आजीची होती, तिची पावती कोठून असणार? तिच्यासाठी फोटो आणि आईची साक्ष यांवरच भागवावे लागले.

मोबाईलवरील संदेश आणि ध्वनिमुद्रण असतील तर तो फोन विकू नका व फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते आणि ते तयार करणे वकिलाचे काम आहे. जोडीदाराचे संभाषण त्याच्या नकळत मुद्रित केले असले तरी वैवाहिक प्रकरणात ते पुरावा म्हणून घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ च्या निकालात म्हटले आहे. तरीही ते पूर्ण आणि काटछाट न केलेले असावे. निवडक दोन मिनिटे ऐकवणाऱ्याची उरलेली वीस मिनिटे समोरचा मागतो.

५. न्यायालय कोणते, हे वकील नेमण्याआधी विचारा

कोकणातल्या लग्नांत हा प्रश्न हमखास गुंतागुंतीचा असतो, कारण लग्न गावी लागते, संसार डोंबिवली-विरारला होतो आणि भांडणानंतर पत्नी तिसऱ्याच तालुक्यातल्या माहेरी असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जेथे झाले तेथे, जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जेथे राहतो तेथे किंवा दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले तेथे अर्ज करता येतो. अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जेथे राहते तेथेही तिला अर्ज करता येतो. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. पतीला स्वतः राहतो तेथे अर्ज करण्याची अशी वेगळी मुभा नाही.

जेथे स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही तेथे हे अर्ज सामान्यतः दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात आणि असे न्यायालय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असतेच असे नाही. त्यामुळे पोटगीचा अर्ज जवळच्या तालुक्यात आणि घटस्फोटाचा अर्ज शेजारच्या तालुक्यात, अशी ओढाताण होऊ शकते. वकील निवडताना ही दोन्ही ठिकाणे ध्यानात घ्यावीत. पतीने मुंबईकडे अर्ज दाखल केला असेल तर प्रकरण आपल्या जिल्ह्यात वर्ग करून मागण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो आणि लहान मूल, उत्पन्न नसणे, प्रवासाचे अंतर या गोष्टी तेथे विचारात घेतल्या जातात. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत; रायगडकरांना मुंबईच गाठावी लागते.

६. वकील शोधा

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा "घटस्फोट तीन महिन्यांत, खात्रीशीर" असा फलक किंवा मोबाईलवरची जाहिरात दिसली तर तेथूनच मागे फिरावे. माझा सल्ला असा की एक पूर्ण सकाळ न्यायालयात जाऊन बसावे. घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड होते, पण बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) पुकारला जात असताना कोण वेळेवर उभे असते, कोण पक्षकाराला व्हरांड्यात दोन मिनिटे नीट समजावून सांगते आणि कोणाचा कनिष्ठ दर वेळी केवळ पुढची तारीख मागतो, हे बाकावर बसून दिसते. मी माझ्या दुसऱ्या वकील बाईंना असेच पाहिले : एका म्हाताऱ्या कोळीणीला त्या रोजनाम्यातला (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याच्या नोंदीतला) मजकूर तिच्या बोलीत वाचून दाखवत होत्या.

वाडीतला ओळखीचा वकील स्वस्त पडतो, पण तो सासरच्यांच्याही ओळखीचा असण्याची शक्यता आपल्याकडे मोठी असते. तसा थेट प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

पैसे नसतील तर वकील मिळत नाही, असे मुळीच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांनाही तो आहे, इतर पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा लागते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. रायगडसाठी ते अलिबागला, सिंधुदुर्गसाठी ओरोसला आहे. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. असा नेमलेला वकील कामाचे पैसे मागू लागला तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करावी.

७. पहिली भेट आणि फीचा हिशेब

वही आणि झेरॉक्स घेऊन जा आणि सोबत एकच माणूस न्या. चारजण गेले की चारजण बोलतात. वकिलाला विचारण्याचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत : माझ्या बाजूने कोणता आधार लागतो, माझे प्रकरण कोठे कमकुवत आहे, संमतीने सुटण्याची शक्यता किती, प्रत्यक्ष तारखेला तुम्ही येणार की कनिष्ठ. प्रकरणाची कमकुवत बाजू सांगणाऱ्या वकिलावर मी अधिक विश्वास ठेवीन.

फी कशासाठी किती, हे टप्प्यांनुसार कागदावर लिहून घ्या : नोटीस, अर्जाचा मसुदा, अंतरिम (निकालापूर्वीच्या) पोटगीचा अर्ज, दर तारखेची फी, पुरावा, युक्तिवाद. टंकलेखन, झेरॉक्स आणि नोटरी यांचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, तेही विचारावे. दर वेळी पावती मागावी आणि शक्य तेथे पैसे ऑनलाइन पाठवावेत, म्हणजे नोंद राहते. मिळणाऱ्या पोटगीचा किंवा दागिन्यांचा अमुक हिस्सा फी म्हणून मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. "साहेबांना द्यावे लागतील" असे सांगून कोणी पैसे मागितले तर त्या कार्यालयात पुन्हा पाऊल टाकू नये. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने स्त्रियांना घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि वैवाहिक वादातून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. तेव्हा "कोर्ट फीचे पैसे" अशी ओळ तुमच्या हिशेबात दिसल्यास त्याबद्दल विचारणे हा तुमचा हक्क आहे.

८. वकीलपत्र आणि अर्जाचा मसुदा

वकीलपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर, सही करण्याआधी ते वाचा, कारण तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकारही बहुतेक छापील नमुन्यांत लिहिलेला असतो. कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये, वकील कितीही घाईत असला तरी.

अर्ज इंग्रजीत असेल तर तो मराठीत समजावून मागा. माझ्या पहिल्या मसुद्यात सासऱ्यांनीही मारल्याचे लिहिले होते, जे खरे नव्हते. "असे लिहावेच लागते, नाहीतर दबाव येत नाही" असे मला सांगण्यात आले. मी ते वाक्य काढायला लावले. त्याखाली शपथपत्र माझे होते आणि उलटतपासाला पिंजऱ्यात मीच उभी राहणार होते. लग्नाला एक वर्ष झाले नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सहसा अर्ज घेतला जात नाही. असह्य हालअपेष्टांसारखे अपवादात्मक कारण असेल तर परवानगी मागावी लागते.

९. पोटगी : उत्पन्न दाखवण्याचे काम तुमचे

पती-पत्नींनी आपापले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे शपथपत्रावर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही सांगितले. म्हणून पोटगीचा अर्ज लांबवू नये. तो घटस्फोटाच्या प्रकरणातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली करता येतो किंवा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वेगळा करता येतो.

नोकरदाराची पगारपत्रके मागवता येतात. आपल्याकडची अडचण वेगळीच असते. आंब्याचे उत्पन्न शेतीचे असल्यामुळे आयकराच्या विवरणात करपात्र म्हणून दिसत नाही, आंब्याची कलमे सामाईक सातबाऱ्यावर आजोबांच्या नावे असतात आणि शपथपत्रात मात्र "बेरोजगार" लिहिलेले असते. अशा वेळी वाशीच्या दलालाकडून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, एप्रिल-मे मधील बँकेतील जमा, फळपीक विमा आणि पीककर्जाचे कागद उपयोगी पडतात. नौका असेल तर मासेमारी परवाना आणि डिझेल परताव्याच्या नोंदी असतात. जहाजावर किंवा आखातात नोकरी असेल तर करारपत्र आणि परदेशातून येणाऱ्या रकमांचा बँक उतारा मागवावा. हे कागद कोठे असू शकतात हे वकिलाला माहीत नसते, विशेषतः तो शहरातला असेल तर. घरातील माणसालाच ते सांगता येते.

येथे एक भ्रम दूर करावा. घटस्फोटात नवऱ्याची अर्धी मालमत्ता मिळते, असा आपल्याकडे कायदा नाही. सासरच्या जमिनीत घटस्फोटिता म्हणून हिस्सा मिळत नाही. तुमच्या नावावर जे आहे ते तुमचे, स्त्रीधन तुमचे, आणि पोटगी किंवा एकरकमी रक्कम मिळू शकते.

१०. समन्स आणि तारखा

मला माझ्याविरुद्धचे समन्स कधी हातात मिळालेच नाही. पतीने मुंबईकडील न्यायालयात अर्ज केला आणि माझा पत्ता म्हणून सासरचे गावाकडचे घर दिले. त्या घराला शिमग्यापासून कुलूप होते. बेलिफाने (समन्स पोचवणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने) समन्स दाराला चिकटवले आणि बजावणी झाल्याचा अहवाल दिला. दोन आठवड्यांनी समोरच्या घरातील काकू झाडलोट करण्यास गेल्या, त्यांनी त्या कागदाचा फोटो माझ्या भावाला पाठवला, तेव्हा मला तारीख कळली. ती पाच दिवसांवर आली होती. काकू गेल्या नसत्या तर प्रकरण माझे म्हणणे न ऐकताच, एकतर्फी झाले असते. आपल्याकडे बंद घरांची संख्या पाहता ही भीती खरी आहे. आपल्या नावाचा शोध ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर अधूनमधून घ्यावा आणि सासरच्या वाडीत निदान एका घराशी बोलणे ठेवावे. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, म्हणून कळल्या दिवशीच वकील गाठावा.

प्रकरण दाखल झाले की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो पाठ करावा असे मी म्हणेन. वकिलाच्या कारकुनाला फोन करून "तारीख काय पडली" विचारत बसण्यापेक्षा, रोजनाम्यात खरोखर काय घडले ते या क्रमांकावरून पाहता येते. तारखेला दरड कोसळून घाट बंद झाला किंवा गाडी रखडली, तर वकिलाला सकाळीच संदेश पाठवून गैरहजेरीचा अर्ज द्यायला सांगावे आणि रस्ता बंद असल्याच्या बातमीचे कात्रण जपून ठेवावे. परदेशातील पक्षकाराला व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे हजर राहण्याची परवानगी मागता येते, पण ती तारखेच्या आदल्या दिवशी मागून चालत नाही.

११. मध्यस्थी आणि संमतीचा घटस्फोट

न्यायालय बहुधा एकदा तरी मध्यस्थीकडे पाठवते. तेथे बोललेले गुप्त राहते व पुढे पुराव्यात वापरता येत नाही, म्हणून मोकळेपणाने बोलावे. माझे प्रकरण तेथेच मिटले, दीड वर्ष एकमेकांवर कागद टाकून झाल्यावर.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालील संमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात न्यायालय ही अट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात म्हटले आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे सर्व रक्कम आधी देऊ नये आणि सर्व तक्रारीही आधी मागे घेऊ नयेत. आमच्या अटींत अर्धी रक्कम अर्जाच्या वेळी आणि उरलेली अंतिम जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, असे ठरले होते.

संमतीच्या अटी लिहिताना वकील "मुलाला सुट्टीत भेटू देण्यात येईल" असे लिहून मोकळे होतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. आमच्याकडे खरा पेच गणपतीचा होता, कारण दोन्ही घरी दीड दिवसांचे गणपती असतात आणि मूल एकच. शेवटी सम वर्षी सासरी आणि विषम वर्षी माहेरी, मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस वडिलांकडे, मुलाला रेल्वे स्थानकावर कोणी आणून सोडायचे, गाडी उशिरा आली तर कोणी थांबायचे, इथपर्यंत लिहिले. मध्यस्थ बाई हसल्या, पण त्यानंतर आजवर एकदाही फोनवर वाद झालेला नाही. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे; त्यापुढे मुलाचे हित पाहिले जाते.

१२. वकील बदलावा लागला तर

माझे पहिले वकील सलग तीन तारखांना आले नाहीत आणि फोनही उचलेनात. मी लेखी पत्र देऊन फाईल मागितली, तेव्हा उरलेली फी भरल्याशिवाय मूळ कागद मिळणार नाहीत असे उत्तर आले. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलेले आहे. हे दुसऱ्या वकील बाईंनी पत्रात लिहिल्यावर आठवड्यात कागद आले, लग्नाचा एक फोटो वगळता. जुन्या वकिलाची ना हरकत घ्यावी. ती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नवे वकीलपत्र दाखल करता येते. गंभीर गैरवर्तन असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते, पण आवडलेला नाही तो निकाल म्हणजे गैरवर्तन नव्हे.

१३. हुकूमनामा हाती आल्यावर

हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला विनाशुल्क देण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. ती मागून घ्यावी आणि आणखी दोन प्रमाणित नकलांसाठी नक्कल विभागात अर्ज द्यावा. नावांचे स्पेलिंग आणि लग्नाची तारीख तेथेच उभे राहून तपासावी. माझ्या प्रतीत लग्नाचे वर्ष चुकले होते आणि ती दुरुस्ती करून घेण्यास आणखी दोन तारखा गेल्या. लढून झालेल्या किंवा एकतर्फी निकालानंतर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले असल्यास ते निकाली निघेपर्यंत, दुसरे लग्न करू नये. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशन बदलावे, रेशन कार्डावरून नाव कमी करून माहेरच्या कार्डावर घ्यावे. आडनाव बदललेच पाहिजे अशी सक्ती नाही.

ठरलेली रक्कम आली नाही तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते. कलम १४४ खालील मासिक पोटगी थकली असेल, तर ती वसूल करण्याचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर जुने महिने हातचे जातात. मुलाच्या शिक्षणाचा खर्च माझ्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला यायचा असतो. तो आला की नाही हे मी त्याच दोनशे पानी वहीत, डाव्या पानावर तारीख आणि उजव्या पानावर रक्कम, असे लिहून ठेवते.